चिलटाच्या नावाचं विमान

इंग्रजीत ‘नॅट’ म्हणजे चिलट. संध्याकाळी दिव्याभोवती घोंघावणारं आणि डोळ्यात गेलं की हैराण करणारं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भारतीय हवाई दलाकडून लढलेल्या एका जेट विमानाला त्याच्या कारखान्यानं हेच नाव दिलं होतं, आणि ते त्याला शोभलंही. पंखांच्या दोन टोकांमधलं अंतर पावणेसात मीटर. लांबी सुमारे ९ मीटर, म्हणजे आपल्या एसटीच्या बसपेक्षाही आखूड. शेपटीचं वरचं टोक जमिनीपासून अडीच मीटरवर, घराच्या दारापेक्षा वीत-दोन वीत उंच. रिकाम्या विमानाचं वजन सव्वादोन टनांच्या आत. त्याच्यासमोर उभं ठाकलं पाकिस्तानचं अमेरिकी बनावटीचं सेबर. त्याचं रिकामं वजन पाच टनांच्या घरात आणि पंख सव्वाअकरा मीटरचे.

या लहानशा विमानानं सेबरला पाडलं, हे शाळेपासून आपण ऐकत आलोय. ‘सेबर स्लेयर’, म्हणजे सेबरचा काळ, असं नावही त्याला मिळालं. पण ते कसं जमलं, आणि हेच विमान चालवताना वैमानिकांच्या पोटात गोळा का यायचा, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. मला नॅटची गोष्ट मोलाची वाटते ती या दुसऱ्या भागासाठी. या विमानाचे जवळजवळ सगळे गुण आणि जवळजवळ सगळे दोष एकाच निर्णयातून आले: विमान लहान ठेवायचं.

हा निर्णय टेडी पेटर या ब्रिटिश अभियंत्याचा. हा माणूस साधा नव्हता. ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ कंपनीत असताना त्यानं कॅनबेरा हे बॉम्बर विमान घडवलं. गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला, पुण्याच्या लोहगाव तळावरून उडून दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी विमानं ती हीच. पुढे पेटर हॅम्बल इथल्या ‘फोलंड’ या लहान कंपनीत गेला आणि त्याच्या मनानं एक वेगळीच गोष्ट घेतली. लढाऊ विमानं दरवर्षी जड आणि महाग होत चालली होती. हे कुठेतरी थांबवलं पाहिजे, असं त्याला वाटू लागलं.

विमान जड का होत जातं? सह्याद्रीत उन्हाळ्यात ट्रेकला गेलेल्यांना हे लगेच कळेल. पाणी जास्त घेतलं की पिशवी जड होते. पिशवी जड झाली की दम लागतो, चाल मंदावते, वाटेत वेळ जातो आणि मग पाणी अजून जास्त लागतं. विमानाचंही तसंच. एखादं यंत्र वाढवलं की वजन वाढतं, ते उचलायला पंख मोठे लागतात, ते ओढायला इंजिन मोठं लागतं, इंजिनाला इंधन जास्त लागतं, आणि त्या इंधनाचं वजन पुन्हा पंखांवरच येतं. पेटरनं हे चक्र उलटं फिरवलं. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा: हिच्यावाचून चालेल का? चालत असेल तर काढून टाकायची. एक गोष्ट काढली की तिच्यामागे आणखी चार आपोआप हलक्या होतात.

उदाहरण द्यायचं तर हवेत वेग कमी करायला विमानांना ‘एअरब्रेक’ नावाच्या वेगळ्या फळ्या असतात. पेटरनं त्या वेगळ्या दिल्याच नाहीत. उतरायची चाकं अर्धवट बाहेर काढली की त्यांची दारं हवेला आडवी येतात, तोच नॅटचा ब्रेक. वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या खुर्चीचंही तेच. बाजारातल्या खुर्च्या त्याला जड वाटल्या, म्हणून स्वीडनच्या साब कंपनीच्या आराखड्यावरून फोलंडनं स्वतःची हलकी खुर्ची बनवली. ही खुर्ची लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचंय.

आधी ‘मिज’ नावाचा कमी ताकदीच्या इंजिनाचा नमुना १९५४ मध्ये उडाला. मिज हेही एका बारीक माशीचंच नाव. ब्रिस्टल कंपनीचं ऑर्फियस इंजिन हाती आल्यावर १८ जुलै १९५५ ला खरा नॅट हवेत गेला. ब्रिटनच्या हवाई दलाला मात्र लढाऊ नॅट नको होता. त्यांनी त्याची दोन आसनांची शिकाऊ आवृत्ती घेतली आणि ‘रेड ॲरोज’ या त्यांच्या कसरती करणाऱ्या प्रसिद्ध पथकानं १९६५ पासून १९७९ पर्यंत ती उडवली. फिनलंडनं तेरा नॅट घेतले, युगोस्लाव्हियानं दोन. पेटरनं १९५९ मध्ये विमानांचं क्षेत्र कायमचं सोडलं आणि तो स्वित्झर्लंडमधल्या एका धार्मिक समुदायात जाऊन राहिला. त्याची दोन विमानं भारतासाठी दोन युद्धं लढली. पहिल्या युद्धाच्या वेळी तो या सगळ्यापासून दूर होता, आणि दुसरं व्हायच्या आधीच, १९६८ मध्ये, तो वारला.

भारतानं १९५६ मध्ये करार केला. २५ विमानं तयार, १५ सुट्या भागांच्या रूपात, आणि पुढची बंगळूरच्या हिंदुस्तान कारखान्यात घडवायची. नव्या देशाकडे परकीय चलन तुटपुंजं होतं आणि विमान घरी बनवता येणं ही फार मोठी गोष्ट होती. नॅटची परीक्षा घेणाऱ्या आपल्या वैमानिकांत सुरंजन दास हे नाव ठळक आहे. याच दासांनी पुढे मारुत या भारतीय जेटची चाचणी उड्डाणं केली आणि १९७० मध्ये मारुतच्याच अपघातात त्यांचा मृत्यू झाला. मारुतमध्येही ऑर्फियसच होतं, एका विमानात दोन. भारतासाठीचे पहिले नॅट १९५८ मध्ये मालवाहू पॅकेट विमानाच्या पोटात बसून आले. लढाऊ विमान दुसऱ्या विमानाच्या पोटात मावतं, यावरून त्याचा आकार लक्षात यावा. मार्च १९६० मध्ये २३ व्या स्क्वॉड्रनला, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीला, नॅट मिळाला, आणि मे १९६२ मध्ये इथेच घडवलेल्या भागांचा नॅट बंगळूरला उडाला.

आता मूळ प्रश्न. हवेतल्या झुंजीत लहान असण्याचा फायदा काय?

पहिला फायदा डोळ्यांचा. त्या काळी झुंज डोळ्यांवर लढली जायची. रडारवरचा माणूस रेडिओवरून दिशा सांगायचा, शेवटचे काही किलोमीटर मात्र वैमानिकानं मान वळवून आकाशात ठिपका शोधायचा. ज्याला समोरचा आधी दिसला तो त्याच्या मागे जाऊन बसला, आणि मागे बसलेला बहुतेक वेळा जिंकला. नॅट समोरून किंवा मागून पाहिला तर त्याचं जेमतेम एक टिंब दिसायचं. सेबरच्या वैमानिकाला ते टिंब कळेपर्यंत नॅट जवळ आलेला असायचा.

दुसरा फायदा ताकदीचा. सेबरचं इंजिन नॅटच्या इंजिनापेक्षा जोरकस होतं. पण त्याला ओढायचं ओझं दुपटीहून जास्त होतं. दर किलो वजनामागे किती ढकल मिळते हे पाहिलं, तर नॅट सेबरच्या दीडपटीच्या आसपास भरतो. याचा उपयोग वळणात होतो. विमान करकचून वळवलं की वेग मरतो. सायकल चढावर वळवताना पायांना जाणवतं तसंच. ज्याचं इंजिन वजनाच्या मानानं तगडं, तो मेलेला वेग लवकर परत मिळवतो आणि वर चढूही शकतो. सेबर मंद गतीत फार सुरेख वळायचं आणि त्याचे वैमानिक उत्तम शिकलेले होते. म्हणून नॅटवाल्यांनी मंद गतीच्या गिरक्यांत अडकायचं नाही, झुंज वर-खाली खेळायची, असा त्यांचा धडा होता.

तिसरी गोष्ट शस्त्रांची. सेबरला सहा मशीनगन होत्या, आणि काही सेबरांना साइडवाइंडर क्षेपणास्त्रंही. हे क्षेपणास्त्र इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत जातं. पण तेव्हाची साइडवाइंडर फक्त शेपटीमागूनच सोडता यायची, आणि जमिनीलगत किंवा तीव्र वळणात ती सहज चकायची. नॅटकडे क्षेपणास्त्र नव्हतं. हवेच्या तोंडांच्या दोन बाजूंना एकेक ३० मिलिमीटरची एडन तोफ, प्रत्येकीला ११५ गोळे. तोफ मिनिटाला सुमारे १२०० गोळे फेकते. भागाकार करून पाहा: सलग घोडा दाबून धरला तर सहा सेकंदांच्या आत तोफ रिकामी! पण त्यातले दोन-तीन गोळे लागले तरी समोरच्या विमानाचं शेपूट उखडायचं. म्हणजे नॅटच्या वैमानिकाला त्या सहा सेकंदांचे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे पाडून ते जपून वापरावे लागायचे.

हे झाले गुण. आता दुसरी बाजू, जिच्यावर मला जास्त वेळ द्यायचाय.

नॅटची मागची आडवी शेपटी पूर्णच्या पूर्ण हलायची, आणि ती हलवायला हायड्रॉलिक दाब लागायचा. जेसीबीचा दांडा तेलाच्या दाबावर उचलला जातो, तसंच हे काम. दाब असेपर्यंत सगळं लोण्यासारखं चालायचं. तो गेला की वैमानिकाला शेपटीचा थोडासा भाग मोकळा करून हाताच्या जोरावर विमान सांभाळावं लागायचं, आणि ते करण्याचा क्रम चुकला तर नाक अचानक वर किंवा खाली झेपावायचं. मोठ्या विमानात अशा वेळेसाठी दुसरी संपूर्ण यंत्रणा ठेवायला जागा असते. नॅटमध्ये जागा कुठली? फिनलंडलाही हायड्रॉलिकच्या दोषामुळे एक विमान गमवावं लागलं आणि काही महिने बाकीची विमानं जमिनीवर ठेवावी लागली. आपल्याकडेही अपघात झाले, माणसं गेली. नॅटच्या वैमानिकांना बिघाडाच्या वेळचे टप्पे झोपेतून उठवलं तरी म्हणता यावेत असे पाठ असायचे.

त्यात आणखी एक गोष्ट. ब्रिटननं घेतली तशी दोन आसनांची शिकाऊ नॅट भारतानं घेतली नाही. त्यामुळे आपल्या वैमानिकाचं नॅटमधलं पहिलं उड्डाण एकट्याचंच. दुसऱ्या विमानांवर हात बसलेला असायचा, जमिनीवर तासन्‌तास कॉकपिटमध्ये बसून बटणं ओळखून झालेली असायची. पण मागच्या आसनावरून ‘सोड, आता मी घेतो’ म्हणणारं कुणी नाही. विशीतल्या मुलांनी हे केलं. मला वाटतं, सेबर पाडण्याइतकंच धाडस या पहिल्या उड्डाणात होतं, आणि त्याबद्दल कुणाला वीर चक्र मिळालं नाही.

तोफाही अडकायच्या. १९६५ च्या झुंजींच्या वर्णनांत हे पुन्हापुन्हा येतं: सेबर नेमात आहे, घोडा दाबला, आणि दोन-चार गोळ्यांनंतर तोफ गप्प. शिवाय पोटात इंधन थोडं, त्यामुळे शत्रूच्या मुलखात खोल शिरून परत येणं नॅटला झेपायचं नाही. ते काम हवाई दलाच्या कॅनबेरा, हंटर आणि मिस्तेर या मोठ्या विमानांचं. जमिनीवरच्या तंत्रज्ञांचीही परीक्षा असायची. विमान बुटकं, त्यामुळे शिडीशिवाय पुष्कळ कामं व्हायची हे खरं. पण आतली यंत्रं एकमेकांत इतकी घट्ट बसवलेली की एका भागापर्यंत हात पोचवायला आधी दुसरे भाग काढायला लागायचे.

१ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्ताननं छांब भागात रणगाडे घुसवले. त्या संध्याकाळी आपण जुनी व्हॅम्पायर विमानं पाठवली आणि त्यातली चार गमावली. ही विमानं सेबरपुढे टिकणार नाहीत हे स्पष्ट झालं, आणि २३ व्या स्क्वॉड्रनच्या नॅटना पठाणकोटला हलवण्यात आलं. ३ तारखेच्या सकाळी स्क्वॉड्रन लीडर जॉनी ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली एक सापळा रचला गेला. चार मिस्तेर विमानं मुद्दाम उंचावरून निघाली, पाकिस्तानच्या रडारवर दिसावीत म्हणून. त्यांच्या मागून झाडांच्या शेंड्यांलगत नॅट. रडार जमिनीलगतचं पाहू शकत नाही. सेबर मिस्तेरवर झेपावले तेव्हा खालून नॅट वर आले. त्या झटापटीत स्क्वॉड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरवर नेम साधला. या युद्धातला हवेतल्या झुंजीचा आपला पहिला विजय म्हणून त्याची नोंद झाली आणि त्यांना वीर चक्र मिळालं.

त्याच सकाळी एक नॅट परत आला नाही. स्क्वॉड्रन लीडर सिकंद साथीदारांपासून तुटले आणि पसरूर इथल्या पाकिस्तानी धावपट्टीवर उतरले. हे कसं घडलं याच्या दोन्ही देशांच्या कथा वेगळ्या आहेत. सिकंद युद्धकैदी झाले, नंतर परतले आणि हवाई दलात एअर मार्शलपदापर्यंत चढले. त्यांचा नॅट आजही कराचीच्या पाकिस्तानी हवाई दल संग्रहालयात आहे.

दुसऱ्या दिवशी, ४ तारखेला, फ्लाइट लेफ्टनंट पठानिया यांनी सेबर पाडलं. १९ तारखेला पाकिस्तानातल्या चविंडाच्या बाजूला विनय कपिला आणि डेंझिल कीलर या दोघांनी एकेक सेबर पाडल्याची नोंद झाली. डेंझिल हे ट्रेव्हरचे सख्खे भाऊ. लखनौचे हे दोन भाऊ एकाच युद्धात, एकाच जातीच्या विमानावर वीर चक्र मिळवणारे ठरले.

इथे जरा थांबून ‘पाडलं’ या शब्दाबद्दल बोलायला हवं, कारण वाद त्याच्याभोवतीच आहे. नॅटनं १९६५ मध्ये सात सेबर पाडले असं भारतीय बाजू सांगते. पाकिस्तानच्या नोंदींत आकडा याहून कमी आहे. कुणी तरी खोटं बोलतंय असा लगेच निष्कर्ष काढू नये. तोफ चालते तेव्हा विमानाच्या नाकातला कॅमेराही चालतो. त्या फीतीत सेबरमधून धूर निघताना, पंखाचा तुकडा उडताना दिसतो. मग वैमानिक वळतो, कारण त्याच्या मागेही कुणी असतं. धुरानं माखलेलं विमान पुढे कोसळलं की लंगडत घरी गेलं, हे त्याला कळत नाही. ट्रेव्हर कीलर यांनी नेम साधलेलं सेबर तुटक्या अवस्थेत सरगोध्याच्या पाकिस्तानी तळावर उतरलं, असं पाकिस्तान सांगतं. तसं असेल तरी त्या सकाळी काय घडलं याचं महत्त्व कमी होत नाही. दोन दिवसांपूर्वी आपली व्हॅम्पायर विमानं सहज टिपणाऱ्या सेबरला पहिल्यांदाच पाठ दाखवून निघावं लागलं होतं. आपल्या हवाई दलाला हा धीर तेव्हा फार हवा होता.

१९७१ च्या बोयऱ्याच्या झुंजीबद्दल मात्र असा वाद उरत नाही, कारण तिथे अवशेषही मिळाले आणि वैमानिकही.

तारीख २२ नोव्हेंबर १९७१. युद्ध अजून जाहीर झालेलं नव्हतं, ते ३ डिसेंबरला सुरू व्हायचं होतं. पण पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या, सीमेवर गरीबपूरला रणगाड्यांची लढाई होऊन गेली होती, आणि ढाक्याच्या तेजगाव तळावरची सेबर विमानं बोयऱ्याजवळच्या आपल्या आणि मुक्तिवाहिनीच्या (बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंडखोरांच्या) ठाण्यांवर त्या दिवशी सकाळपासून येऊन मारा करत होती. सकाळी दोनदा २२ व्या स्क्वॉड्रनचे नॅट कोलकात्याच्या डमडम विमानतळावरून झेपावले, पण पोचेपर्यंत सेबर निघून गेलेली. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सेबर रडारवर दिसल्यापासून नॅट तिथे पोचेपर्यंतची मिनिटं मोजून वापरायची होती.

दुपारी पावणेतीनच्या सुमारास सेबर तिसऱ्यांदा दिसली. चार नॅट तीन-चार मिनिटांत हवेत होते: फ्लाइट लेफ्टनंट रॉय मॅसी, फ्लाइट लेफ्टनंट गणपती, आणि फ्लाइंग ऑफिसर सोआरेस व लाझरस. रडारच्या पडद्यासमोर बसलेले फ्लाइंग ऑफिसर बागची त्यांना रेडिओवरून दिशा देत होते. या माणसाबद्दल कमी बोललं जातं. अंधाऱ्या खोलीत बसून, हिरव्या ठिपक्यांच्या आधारे, चार विमानांना बरोब्बर शत्रूच्या मागे आणून सोडायचं, आणि तेही अशा वेळी की नॅट जमिनीलगत आहेत आणि सेबर हल्ल्यासाठी सूर मारून पुन्हा वर येतायत. त्यांनी ते जमवलं.

मग जे झालं ते तीन मिनिटांच्या आत संपलं. गणपती आणि लाझरस यांच्यासमोर दोन सेबर आली आणि दोघांनी एकेक टिपलं. गणपतींनी रेडिओवर ‘मर्डर, मर्डर, मर्डर’ असं कळवलं, शत्रूचं विमान पडल्याचा तो संकेत. मॅसींनी तिसऱ्याचा पाठलाग केला. तोफ अडकण्याच्या जुन्या रोगानं इथेही गाठलं, पण ते सेबर जबर जखमी होऊन ढाक्याकडे निसटलं. जमिनीवरचे सैनिक आणि गावकरी मान वर करून हे सगळं पाहत होते. एकही नॅट गमावला नाही. मॅसी, गणपती आणि लाझरस यांना वीर चक्र, बागचींना वायुसेना पदक मिळालं.

पडलेल्या सेबरचे दोन्ही वैमानिक हवाई छत्रीनं उतरले आणि आपल्या सैन्याच्या कैदेत आले. त्यातले एक फ्लाइट लेफ्टनंट परवेझ मेहदी कुरेशी. चिडलेल्या जवानांच्या तावडीतून त्यांना ४ शीख पलटणीच्या कॅप्टन पनागांनी सोडवलं. पनाग पुढे लेफ्टनंट जनरल झाले, आणि कुरेशी १९९७ मध्ये पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख. लाझरस यांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र लिहिलं, आपण एकदा हवेत भेटलो होतो याची आठवण देऊन. कुरेशींचं उत्तर आलं.

युद्ध सुरू झाल्यावर पूर्वेत नॅटसमोर प्रतिस्पर्धी फार दिवस राहिला नाही. मिग-२१ आणि हंटरनी तेजगावची धावपट्टी इतकी खणून काढली की सेबरना उडताच येईना. पश्चिमेत तसं नव्हतं.

श्रीनगर हा तळ विचित्र जागी आहे. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच, भोवती डोंगर. डोंगरांमुळे रडार निरुपयोगी. हल्ल्याची सूचना मिळायची ती शिखरांवरच्या चौक्यांतल्या माणसांनी नजरेनं पाहून दिलेली, म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी. विरळ हवेत इंजिनाची ताकदही कमी भरते. १८ व्या स्क्वॉड्रनचे थोडे नॅट युद्धाच्या तोंडावर इथे आणले होते. १४ डिसेंबरच्या सकाळी, हवेत धुकं असताना, पेशावरहून सहा सेबर आली. फ्लाइट लेफ्टनंट घुमण आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांची जोडी तयार उभी होती. पहिले बॉम्ब पडत असतानाच दोघं धावपट्टीवरून सुटले. धुक्यात आणि धुरळ्यात घुमण यांची सेखोंशी नजर तुटली.

आता आकाशात सेखों एकटे आणि समोर सहा सेबर. नॅटचे सगळे गुण इथे एकाच वेळी कामाला आले असणार: वजनाच्या मानानं तगडं इंजिन, चटकन वर जाण्याची ताकद, बारीक अंग. सेखोंच्या सन्मानपत्रानुसार त्यांनी एका सेबरला नेमात घेऊन मारलं आणि दुसरं पेटवलं. पाकिस्तान आपलं एकही विमान पडल्याचं मान्य करत नाही. कितीही वजाबाकी केली तरी जमिनीवरून पाहणाऱ्यांनी जे पाहिलं ते उरतंच: एक नॅट बराच वेळ सहा जणांना वाकवत, वळवत राहिला आणि तळ वाचला. अखेर त्यांचं विमान मारलं गेलं. नियंत्रणं निकामी झाली असावीत, कारण विमान सरळ होऊन मग एकदम खाली कोसळलं. शेवटच्या क्षणी कॉकपिटवरचं झाकण उडालेलं लोकांनी पाहिलं. म्हणजे सेखोंनी खुर्चीचा दांडा ओढला होता. पण ती हलकी खुर्ची वैमानिकाला वाचवायला पुरेशी उंची मागायची, आणि ती उंची तिथे नव्हती. भारतीय हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र सेखोंचं आहे.

नॅटचं उत्पादन १९७४ मध्ये थांबलं. तोवर हवाई दलाकडे पंधराएक वर्षांच्या तक्रारींचा गठ्ठा जमला होता, आणि बंगळूरला तो समोर ठेवून विमान नव्यानं आखलं गेलं. त्याचं नाव अजित. बाहेरून पाहिलं तर अजित आणि नॅट यांतला फरक ओळखू येणार नाही. आत मात्र प्रत्येक बदलामागे कुणाचा तरी अनुभव होता. शेपटीची यंत्रणा सुधारली. इंधन पंखांच्या आतच साठवलं, त्यामुळे पंखांखालच्या टाक्यांची जागा बॉम्ब आणि रॉकेटसाठी मोकळी झाली. आणि फोलंडच्या हलक्या खुर्चीच्या जागी मार्टिन-बेकर कंपनीची खुर्ची आली, जड होती तरी.

अजितची ७९ नवी विमानं बनली, दहा जुन्या नॅटची बदलून केली. १९९१ मध्ये शेवटचं अजित निवृत्त झालं. दोन आसनांचं शिकाऊ अजितही बंगळूरनं बनवलं, ज्यात मागे शिक्षक बसू शकेल असं. त्याचा पहिला नमुना उडाला १९८२ मध्ये. तोपर्यंत नॅटवर एकट्यानं पहिलं उड्डाण केलेल्या मुलांचे केस पांढरे व्हायला लागले होते.